पाण्याची भिशी

सकाळी साडेपाचला कुकर लावायचा, कणीक भिजवून झाकून ठेवायची आणि पायात बूट चढवून घराबाहेर पडायचं, हा माझा नेम आता नऊ वर्षांचा झाला. पौड रस्ता ओलांडला की मागे कोथरूड अजून झोपलेलं असतं आणि पुढे म्हातोबाची टेकडी जागी झालेली असते. वर म्हातोबाचं देऊळ आहे. तिथवर पोचेतो कपाळावर घाम आलेला असतो, पण मन असं हलकं होतं की दिवसभराच्या कामाला ते पुरून उरतं.

हा नेम मी काही हौसेनं धरला नव्हता. गुडघे कुरकुरायला लागले, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीखाली लिहिलं, 'रोज पाऊण तास चालणे.' मी म्हटलं, "डॉक्टर, घरात दिवसभर चालतेच की!" ते हसले. म्हणाले, "ते घरासाठी. हे तुमच्यासाठी." शेजारच्या काकू तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या आणि रोज टेकडी चढत होत्या. त्यांच्या मागोमाग मी पहिल्यांदा वर गेले. अर्ध्या वाटेत तीनदा बसले. काकू वरून ओरडल्या, "अगं, दळण आणायला जातेस तेव्हा बसतेस का अशी?"

मैत्रिणींनो, चालण्यासाठी गेलेली मी झाडांच्या पाण्यात कशी अडकले, ती हकिकत सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

एकवीस रोपं आणि एक फोटो

पहिल्याच पावसाळ्यात आमच्या चालणाऱ्या बायकांनी ठरवलं, आपणही वनमहोत्सव करायचा. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी सुरू केलेला हा उत्सव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. रोपवाटिकेतून एकवीस रोपं आणली. गुलमोहोर होता, कांचन होता, कुणीतरी हौसेनं चाफाही आणला. खड्डे खणले, हळदीकुंकू वाहिलं, एकमेकींना पेढे दिले आणि फोटो काढला. घरी येऊन तो फोटो सगळ्यांना दाखवला.

पुढच्या वर्षी अक्षय तृतीयेला मोजलं, तर एकवीसपैकी दोन रोपं जिवंत होती. बाकीच्यांच्या जागी वाळक्या काड्या. मला फार वाईट वाटलं. घरातली कुंडी आठ दिवस विसरली तर आपल्याला चुटपुट लागते. इथे तर एकोणीस जीव आपण पेढे वाटून मातीत घातले होते आणि पावसाळा संपल्यावर त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

तिथे एक म्हातारे बाबा रोज शेळ्यांना हाकत यायचे. आम्ही काड्यांभोवती हळहळत उभ्या असलेल्या पाहून म्हणाले, "ताई, लावायला समदे येत्यात. पानी घालाया कोन येतं?"

त्या एका वाक्यातून आमची 'पाण्याची भिशी' निघाली. भिशी आपल्याला कुणी शिकवायला नको. फरक एवढाच, की इथे पैशांऐवजी पाणी गोळा होतं. दहा जणी, प्रत्येकीचे आठवड्यात दोन वार. तेलाचे रिकामे पाच लिटरचे डबे धुऊन घ्यायचे, जिला झेपेल तिने भरून न्यायचा, जिला झेपणार नाही तिने अर्धा न्यायचा. जिचा वार चुकेल तिने दुसरीचा भरून द्यायचा. बाळंतपण, परीक्षा, पाहुणे, सगळी कारणं मान्य. पण त्या वाराचं पाणी चुकवणं मान्य नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही दहाच रोपं लावली. या वेळी नर्सरीत जे छान दिसलं ते उचललं नाही. टेकडीवर मुळात काय वाढतं ते आधी पाहिलं. पळस, पांगारा, हिवर, मेडशिंग, काटेसावर ही खडकाळ जमिनीची आणि कमी पाण्याची माणसं. त्यांच्यातून निवड केली. तीन उन्हाळे पाणी घातलं. दहापैकी सात जगली. माझी मुलगी बारावीला पहिल्या वर्गात आली तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद मला सातवं रोप पालवलं तेव्हा झाला होता. (हे तिला सांगू नका.)

हिरवं ते सगळं आपलं नसतं

टेकडीवर रोज जाऊ लागलं की डोळे हळूहळू उघडतात. मला आधी वाटायचं, हिरवं दिसलं म्हणजे जंगल छान आहे. मग कळलं, की पुण्याच्या टेकड्यांवर जे दाट हिरवं दिसतं त्यातलं पुष्कळसं गिरिपुष्प आहे. काहीजण त्याला उंदीरमारी म्हणतात. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली तरी जगतं, भराभर वाढतं, म्हणून उघड्या टेकड्या लवकर झाकण्यासाठी ते मुद्दाम लावलं गेलं. थंडी सरताना गुलाबी फुलांनी लगडतं तेव्हा सुंदरही दिसतं. पण त्याच्या सावलीत इथली झाडं-गवतं फारशी उठत नाहीत, आणि आपल्या पक्ष्यांचा त्याच्यावर तितका जीव नाही. पळस फुलला की त्यावर पक्ष्यांची नुसती झुंबड उडते. तिथे घटकाभर थांबा आणि मग गिरिपुष्पाच्या राईत उभ्या राहा. कानांनाच फरक कळतो.

तीच गोष्ट घाणेरीची आणि गाजरगवताची. गाजरगवत तर भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५०च्या दशकात. हे उपटायचं असेल तर फुलं येण्याआधी उपटावं, आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये. आमच्यातल्या एका वहिनींनी उत्साहानं मोकळ्या हातांनी भारा उपटला. पंधरा दिवस हात खाजत होते आणि पोळ्या त्यांच्या यजमानांना लाटाव्या लागल्या. वहिनी म्हणतात, तेवढा एक फायदा झाला.

आणि गवत! ते वाळलं की आपण म्हणतो, टेकडी ओसाड पडली. वास्तविक या टेकड्या मुळात दाट अरण्याच्या नव्हेतच. मधूनमधून झाडं आणि भोवती गवत, असं त्यांचं रूप. टिटवी, चंडोल, लावा, तित्तर हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी त्या गवताच्याच आधारानं राहतात. म्हणून गवताळ माळावर ओळीनं खड्डे खणणं हेही दर वेळी पुण्यच असतं असं नाही. हे समजायला आम्हाला चार वर्षं लागली. तोवर साडीच्या काठात शिरलेली कुसळं काढताना मी त्या गवताला शिव्याच देत असे.

सिडनीच्या दोन बहिणी

परदेशातल्या दोन बहिणींची गोष्ट माझ्या वाचनात आली, ती मला फार जवळची वाटली. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या मॉसमन भागात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी राहत. घराजवळच्या रानात फिरायला जायच्या. १९६०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की मोठमोठी यंत्रं लावून रान साफ केलं की पुढच्या वर्षी तण दुप्पट येतं. कारण माती उकरली जाते आणि उघड्या मातीत आधी परकं तणच रुजतं. मग त्यांनी आपली रीत शोधली. हातानं, थोडं-थोडं तण काढायचं. जिथे रान सगळ्यात चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि खराब भागाकडे सरकत जायचं. माती कमीत कमी हलवायची. आणि इथली मूळ रोपं जेवढ्या वेगानं परत येतील तेवढ्याच वेगानं पुढे जायचं, घाई करायची नाही.

मला वाचून हसूच आलं. अहो, ही तर तांदूळ निवडायची रीत! चांगल्याला धक्का न लावता खडा तेवढा वेचायचा. जगभर आज या रीतीला त्या बहिणींच्या नावानं ओळखतात. रोज फिरायला जाणाऱ्या दोन बायकांच्या निरीक्षणातून ती निघाली.

त्याच देशातली आणखी एक गोष्ट. १९३१ साली ईस्टरच्या सुट्टीत रानात भटकायला गेलेल्या मंडळींना ग्रोज नदीच्या खोऱ्यात उंच निळसर झाडांचं एक देखणं रान दिसलं. तिथे भेटलेल्या माणसानं सांगितलं, की ही जागा माझ्याकडे भाडेपट्ट्यानं आहे, झाडं तोडून मी अक्रोड लावणार. भटक्यांनी भांडण केलं नाही. वर्गणी काढली, १३० पौंड जमवले, त्याला दिले आणि ते रान सोडवून घेतलं. १९३२ मध्ये ते राखीव झालं आणि पुढे ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात सामील झालं. ज्यांनी ते वाचवलं ते नुसते पायी भटकणारे लोक होते. ज्या वाटेवर आपण चालतो तिच्यावर आपला जीव जडतो, तो असा.

आपल्याकडे १९७४ सालचं रेणी गाव कुणाला आठवत नाही? गढवालमधल्या त्या गावातले पुरुष नुकसानभरपाई आणायला गेले होते, तेवढ्यात ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. गौरादेवी गावातल्या २७ बायकांना घेऊन रानात गेल्या आणि झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. झाडं वाचली. त्या काही फार शिकलेल्या नव्हत्या. पण लाकूड, चारा आणि पाणी कुठून येतं हे त्यांना घरातल्या पुरुषांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण ते आणायला रोज त्याच जात होत्या.

माझ्याच घरात दोन पक्ष

तुम्ही म्हणाल, हे सगळं फिरण्याचं कौतुक झालं. पण टेकडी म्हटली की वादही आलाच. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगानं सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढायचा, हा बेत कित्येक वर्षं पुण्यात गाजतो आहे. त्याच्या जोडीला टेकडीच्या पोटातून बोगदे काढण्याच्याही योजना आल्या. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवा म्हणत हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. त्यात आमची भिशीही होती. काकू काठी टेकत होत्या, एकीच्या कडेवर नातू होता.

त्या दिवशी घरी आले तर आमचे हे म्हणाले, "तुम्हाला टेकडी हवी. मला रोज रात्री कर्वे रस्त्यावर पाऊण तास अडकायचं नाही. रस्ता झाला तर वीस मिनिटं वाचतील." मुलानं त्यांचीच बाजू घेतली. आता यांचं म्हणणं अगदीच खोटं आहे का? नाही. नळस्टॉपच्या गर्दीत घामाघूम होऊन आलेला माणूस मी रोज पाहते. त्या रात्री जेवताना वाद झाला. आमटी गार झाली आणि मी रागानं ताट उचललं.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या सुनेच्या बाजूनं कधी बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अरे, मी लग्न होऊन आले तेव्हा कोथरूड खेडं होतं. प्रत्येक रस्ता झाला तेव्हा म्हणाले, आता गर्दी कमी होईल. झाली का?" यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही वाहतुकीला उत्तर नव्हतं. पण टेकडीवर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो, खालच्या विहिरी-बोअरना तो आधार असतो, आणि मे महिन्यात टेकडीच्या कडेला हवा थोडी तरी निवलेली असते, हे तर डोळ्यांसमोरचं आहे. वीस मिनिटं उद्या दुसऱ्या उपायानं वाचवता येतील. बससेवा सुधारता येईल. मेट्रो २०२२ पासून वनाझपर्यंत आलीच आहे. पण टेकडी एकदा कापली की ती पुन्हा शिवता येत नाही.

वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या रविवारी हे माझा पाण्याचा डबा घेऊन वर आले. म्हणाले, "डबा जड आहे म्हणून आलो. मत तेच आहे." मी म्हटलं, "असू दे. रोपाला मत कळत नाही, पाणी कळतं."

आगीची संध्याकाळ

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका संध्याकाळी काकूंचा फोन आला, "अगं, गच्चीवरून बघ." टेकडीवर धूर दिसत होता. गॅस बंद करून तशीच धावले. आम्ही पाच जणी आणि काही तरुण मुलं वर पोचलो. कुणी अग्निशमन दलाला फोन केला, कुणी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर. तोवर मुलांनी ओल्या फांद्यांनी कडेची आग झोडपायला घेतली. आम्हाला वनरक्षकांनी लांब उभं केलं आणि ते बरोबरच होतं. वाऱ्याची दिशा बदलली की वाळक्या गवतातली आग माणसापेक्षा जोरात धावते.

रात्री आग विझली. कुणी लावली कळलं नाही. कुणी विडीचं थोटूक टाकतं, कुणी पावसाळ्यात गवत जोमानं येईल या समजुतीनं मुद्दाम पेटवतं. सकाळी जाऊन पाहिलं, तर आमच्या सातपैकी पाच झाडं काळी पडली होती. तीन उन्हाळ्यांचे डबे! काकू खडकावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना त्यांचे यजमान गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. उरलेल्या आणि नव्या रोपांभोवती हातभर गोलातलं वाळकं गवत हिवाळ्यातच काढायला लागलो. आणि वनखात्याची माणसं थंडीत जाळरेषा काढतात, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा मोकळा करतात, तेव्हा त्यांना विचारून मदतीला जाऊ लागलो. टेकडीचा काही भाग वनखात्याचा आहे, काही खासगी मालकीचा. म्हणून विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हा आमचा नियम.

आनंदही हवाच

केवळ डबे वाहिले असते तर ही भिशी वर्षभरात मोडली असती. ती टिकली ती आनंदामुळे. मे सरता-सरता पहाटे झुडपातून दोन सुरांची शीळ येते, तो नवरंग. एवढासा पक्षी, पण अंगावर पैठणीचे सगळे रंग! पावसाच्या आधी मोर ओरडू लागतात. श्रावणात तेरडा फुलतो. दिवाळीच्या सुमाराला गवत असं सोनेरी होतं की घरी जावंसं वाटत नाही.

वर्षातून एकदा आम्ही लांबची सहल काढतो. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला तुम्ही गेला असाल. तिथून जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. दाट झाडी शोधाल तर निराश व्हाल. तिथे माळ आहे, गवत आहे आणि त्या गवतात नाजूक पायांचे चिंकारा आहेत. पहाटे लवकर पोचावं, आवाज करू नये. आमच्या दहा जणी तासभर गप्प बसल्या, हाच एक चमत्कार! राज्यातल्या अनेक अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजण्यासाठी वनखातं नावनोंदणी करून सामान्य लोकांनाही बोलावतं. १९५५ साली झालेलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथे जाण्याचं स्वप्न अजून आहे. पण वाघ दूर आहे म्हणून टिटवीला कमी लेखू नये, हे टेकडीनं शिकवलं.

तुम्हालाही जायचं असेल तर

• एकटीनं जाऊ नये. निदान तिघी-चौघी हव्यात. अंगावर सोनं घालू नये, अंधार पडण्याआधी खाली यावं.

• सलवार सुळसुळीत कापडाची आणि पायघोळ नसलेली घालावी. जाडसर सुती कापडात कुसळं फार रुततात. तळ खरखरीत असलेले बूट घ्यावेत.

• बरोबर पाणी, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकची पिशवी वर न्यायची नाही, वर पडलेली दिसली तर खाली आणायची.

• रोपाच्या बुंध्याशी नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला पसरावा. ओल टिकते. जुन्या लहान मडक्याच्या बुडाला भोक पाडून, त्यात सुती वात घालून ते रोपाजवळ पुरलं, की एकदा भरलेलं पाणी हळूहळू झिरपत राहतं. आग लागण्याच्या दिवसांत मात्र वाळका पाला दूर करावा.

• पक्ष्यांना शेव-फरसाण घालू नये. मोर पाळीव नव्हे.

• वटपौर्णिमेला फांदी विकत आणण्याऐवजी त्या दिवशी एका रोपाला डबाभर पाणी घालून पाहा.

आमच्या कोथरूडच्या पलीकडे हिंगण्याला १९०० साली महर्षी कर्व्यांनी एक झोपडी बांधली आणि तिथे विधवांचा आश्रम नेला. तिथून ते रोज फर्ग्युसन कॉलेजला चालत जात-येत. या परिसरातल्या बायकांना घराबाहेर काढणाऱ्या वाटेची सुरुवातच अशी पायी झाली आहे. आपल्याला तर एवढंच करायचं आहे: सकाळचा पाऊण तास स्वतःसाठी काढायचा आणि त्यातली दहा मिनिटं एखाद्या रोपाला द्यायची.

त्या जळालेल्या पाचांतला एक पळस होता. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर काकू वर गेल्या आणि तिथूनच फोन केला. त्यांना धाप लागली होती. म्हणाल्या, "खालून फुटलाय गं! तीन पानं आलीत." पळस जळला तरी मुळातून पुन्हा फुटतो, हे आम्ही वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. त्या दिवशी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मी मोजलं नाही. वरण थोडं करपलं. घरात कुणी काही बोललं नाही.